लाल बटणाची सवय

आमच्या थेरगावच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी स्वप्नाली दिवसभर खिडकीत दिसते, रस्त्यावर क्वचितच. कपाट आणि ज्वारीची कोठी यांच्यामध्ये जेमतेम खुर्ची मावेल एवढी जागा आहे. तिथे तिचा कॉम्प्युटर. महाळुंग्याच्या एका वर्कशॉपसाठी ती सुट्या भागांची ड्रॉइंग करते. लग्नाआधी हेच काम ती तिथे जाऊन करायची. लग्नानंतर सासूबाई, रुक्मिणीबाई, म्हणाल्या, "काय करायचं ते घरात बसून कर." तेव्हापासून ती घरात बसून करते.

गेल्या महिन्यात वर्कशॉपने कळवलं, की यापुढे ड्रॉइंग नव्या सॉफ्टवेअरमध्येच हवीत. ते तिच्या कॉम्प्युटरवर चढेना. आधी बायोस अपडेट करा, असं पडद्यावर येई. तिचा नवरा नवनाथ म्हणाला, "नाही चालत तर राहू दे. विकून टाकू. आईलाही घरात तुझी तेवढी मदत होईल." तो हे रागाने बोलला नाही, म्हणूनच ती जास्त घाबरली.

इंग्रजी सूचना घेऊन ती खाली माझ्याकडे आली. "काकू, मला वाचता येतं, पण एकही शब्द चुकायला नको."

आम्ही दोघींनी मिळून वाचलं. बायोस म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी जागा होणारा छोटा प्रोग्रॅम. पडदा, कीबोर्ड, डिस्क यांना तोच उठवतो. तो मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये असतो. जुना पुसून नवा लिहिला जात असताना वीज तुटली, तर धड जुना राहत नाही, नवा होत नाही, आणि मग काहीच उठत नाही. म्हणून मदरबोर्डचं नेमकं मॉडेल पाहायचं, तो बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून फाइल घ्यायची, आपलं काम आधी दुसरीकडे ठेवायचं, आणि एकदा सुरू केलं की कशालाही हात लावायचा नाही.

तिने सगळं तसंच केलं. ड्रॉइंग माझ्या लॅपटॉपवर उतरवली, माझ्या इन्व्हर्टरची वायर जिन्यातून वर नेऊन कॉम्प्युटरजवळच्या भिंतीवरच्या बोर्डाला जोडून घेतली. दिवस गुरुवारचा धरावा लागला. नवनाथची सुट्टी तेव्हाच, आणि तो म्हणाला होता, "माझ्यासमोर कर." गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते, पण तसा मेसेज आला नव्हता.

तिने बोलावलं म्हणून मीही वर गेले. पडद्यावर पट्टी सरकत होती. मग पडदा काळा झाला आणि आतला पंखा घोंघावायला लागला.

"अडकली," नवनाथ म्हणाला.

"नाही हो. लिहिलंय त्यात, असं होतं. थांबा."

"आवाज ऐक की. जळंल."

"अहो, नका..."

नवनाथ कंपनीत धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनवर आहे. मशीन अडली, आवाज बदलला, की आधी लाल बटण दाबायचं, विचार नंतर. हेच त्याला शिकवलेलं. त्या सवयीने त्याने एका सोबत्याचा हात वाचवला आहे. आताही त्याने विचार केलाच नाही. खुर्चीवरून वाकून बोर्डाचं बटण बंद केलं.

पंखा थांबला.

"आता कर परत चालू," तो म्हणाला. तिने केलं. पंखा फिरला, पडदा काळाच. पुन्हा केलं. तेच.

"जाऊ दे आता," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "च्या ठेव. काकू आल्यात."

तिने चहा ठेवला. सगळ्यांना दिला, कपबशा विसळल्या. मग वायरी सोडवून कॉम्प्युटरचा डबा उचलला.

"कुठं निघालीस?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"कासारवाडीला. तिथं दुरुस्तीचं दुकान आहे."

"नवनाथ नेईल की."

"नेतीलच. मी पण जाते."

नवनाथ कुणाकडे न बघता गाडीची किल्ली शोधू लागला. डबा मांडीवर घेऊन ती मागे बसली.

पुढचं तिनेच मला सांगितलं. दुकानदाराने त्या चिपला चिमटा लावून दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नवा बायोस लिहिला. पडदा उजळला. तो म्हणाला, "वहिनी, फाइल बरोबर होती, सगळं बरोबर होतं. मध्येच बंद कुणी केलं?"

नवनाथ हेल्मेटचा पट्टा चाचपत उभा होता.

"लाइट गेली," स्वप्नाली म्हणाली.

"असं का म्हणालीस?" मी विचारलं.

"काकू, त्याच गाडीवरून घरी यायचं होतं."

नवं सॉफ्टवेअर चढलं, काम टिकलं. नंतर एकदा नवनाथने कंपनीतून लाल पाटी आणली. मशीन दुरुस्तीला उघडली की तिथे लावतात तशी: काम चालू आहे, बटण दाबू नये. त्याने ती बोर्डावर अडकवली.

त्या बोर्डाला प्लग एकच, मिक्सरही त्यालाच लागतो. चटणी वाटायची असली की रुक्मिणीबाई स्वयंपाकघरातून हाक मारतात, "ते लाल काढ गं." स्वप्नाली ड्रॉइंग सेव्ह करते, कॉम्प्युटर बंद करते, पाटी काढून ठेवते. आणि मिक्सर थांबेपर्यंत त्या बंद पडद्यासमोर बसून राहते.