लिफ्टबाईचं फाटक

उभी हयात लिफ्टमध्ये गेली म्हणून तिला सगळे लिफ्टबाई म्हणत, आणि पुढे मेंढरांत गेली तरी ते नाव काही तिला सोडून गेलं नाही. एका जुन्या दवाखान्यातली लिफ्ट होती ती. जाळीची दोन दारं, एक स्टूल आणि मनात आलं तर फिरणारा पंखा. त्या लिफ्टची एक खोड होती. दार नीट लागलं नाही तर ती बया जागची हलायची नाही. मग वरून डॉक्टर ओरडणार, खालून पेशंटचे नातेवाईक ओरडणार, आणि सगळं खापर हिच्या डोक्यावर. त्यामुळे दार दिसलं की लावायचं, हे तिच्या हातात इतकं मुरलं होतं की घरीसुद्धा ती कपाटं लावत फिरायची. धाकटी बहीण करवादायची, "अगं बाई, मला डबा तरी काढू दे, मग लाव!"

बापाला मात्र बंद दाराचा तिटकारा. म्हातारा तरुणपणी दुसऱ्याची मेंढरं राखायचा. मग लग्न झालं, पोरी झाल्या, शहर आलं, वॉचमनची काठी हातात आली आणि मेंढरं राहिली ती राहिलीच. त्याबद्दल तो चकार शब्द काढायचा नाही. नुसता खिडकीशी बसायचा. समोर काय, तर शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून उतरलेले पाण्याचे पाइप. काय बघताय विचारलं तर म्हणायचा, "काही नाही, हवा खातोय." हवा कसली डोंबलाची! मधूनच जीभ टाळूला लावून 'ट्र्रर्र' असा आवाज काढायचा आणि कुणी ऐकलं तर लाजून खोकायचा.

मग त्याला काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही हळूहळू जाईल, असं डॉक्टरनं सांगून टाकलं. त्या दिवशी परत येताना म्हातारा एवढंच बोलला, "एकदा कळप बघायला हवा होता गं. लांबून का होईना." आयुष्यात या माणसानं लेकीकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या वाक्यानं तिच्या जिवाला जो घोर लागला, तो लागलाच.

त्यातच दवाखान्यात नवी लिफ्ट आली, आपली आपण उघडणारी. माणसाला बटण दाबता येतं हा शोध तिथल्या शहाण्यांना इतक्या वर्षांनी लागला म्हणायचा! लिफ्टबाई घरी बसली. काम शोधता शोधता तिला कळलं, की गावाबाहेर लांब एका मेंढीफार्मवर वर्षभर काम शिकवतात आणि शिकताना पगारही देतात. वर्ष संपलं की शिकणाऱ्यांतल्या एकालाच कायम ठेवतात आणि लोकरीच्या शेडमागे राहायला खोली देतात. खोलीच्या खिडकीतून थेट कुरण दिसतं. बाकीचं तिनं ऐकलंच नाही. तिच्या डोळ्यांपुढे ती खिडकी आली आणि खिडकीशी बाप.

"या वयात मेंढरं हाकणार? आणि वर पैसेही देणार?" शेजारीण म्हणाली. "काहीतरी काळंबेरं असणार बघ."

"असू दे," लिफ्टबाई म्हणाली आणि म्हाताऱ्याला धाकटीच्या हवाली करून निघाली.

फार्मवर तिच्या बरोबरीला एक कॅशियर होता. बँकेतल्या नोकरीला कंटाळून आलेला, शिट्ट्या मारत फिरणारा, सगळं झटकन उचलणारा. शिकवायला मुकादमबाई. या बाईच्या तोंडाला लगाम नव्हता, पण मेंढीच्या खुरातला काटा ती अशी काढायची की मेंढीला पत्ता लागू नये. पहिल्याच दिवशी तिनं बजावलं, "फाटक जसं दिसेल तसं सोडायचं. उघडं तर उघडं, लावलेलं तर लावलेलं. तिथं आपलं शहाणपण चालवायचं नाही." लिफ्टबाईनं मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं!

खुरं छाटणं, लेंड्या झाडणं, कोकरांना औषध पाजणं. कंबरेचा पार भुगा झाला. पण खरं सांगायचं तर कंबरेपेक्षा दुसरंच काही दुखायचं. लिफ्टमध्ये होती तेव्हा उघड्या माळाची ओढ, आणि आता उघड्या माळावर उभी राहिली तर त्या कोंदट खोलीची. बापाच्या खोकल्याची सुद्धा आठवण येते म्हणजे काय म्हणावं! दर रविवारी ती फोन करायची. म्हातारा तब्येतीचं विचारू द्यायचा नाही. त्याचा आपला एकच धोशा.

"कळप मोठा आहे का गं?"

"आहे की."

"पाण्याला जाताना पुढे कोण असतं?"

"बाबा, सगळ्या सारख्याच दिसतात हो."

पलीकडे म्हातारा लगेच फोन धाकटीच्या हातात द्यायचा. इकडे ती कानकोंडी व्हायची.

आणि मग ते झालं. सकाळी कळप वरच्या कुरणात सोडला आणि सगळ्यांच्या मागून लिफ्टबाई परत निघाली. कुरण आणि पाण्याचा हौद यांच्यामधलं फाटक उघडं होतं. मेंढरांनी तहान लागली की आपली आपण खाली यावं म्हणून ते मुद्दामच उघडं ठेवत. लिफ्टबाई बाहेर आली, तिचा हात मागे गेला, फाटक ओढलं, कडी घातली, आणि ती चालती झाली. तिच्या लक्षातही आलं नाही. लक्षात यायला ती काय तिनं केलेली गोष्ट होती? हातानं केली होती.

दुपारी ऊन मी म्हणत होतं. कॅशियर धावत आला. सगळा कळप फाटकाला चिकटून ओरडत होता आणि एक गाभण मेंढी चेंगराचेंगरीत खाली पडली होती. तिची जीभ बाहेर आली होती. मुकादमबाईनं तिला सावलीत ओढलं, अंगावर पाणी मारलं, घोट घोट पाजलं. बऱ्याच वेळानं मेंढीनं मान उचलली, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"फाटक कुणी लावलं?"

सकाळी सगळ्यांच्या मागून कोण निघालं होतं, ते लिफ्टबाईला आठवलं. खोली, खिडकी, बाप, सगळं लिफ्टबाईच्या हातून निसटत होतं. नाही म्हणाली असती तर कुणी पाहिलं होतं? पण तिच्या तोंडून निघून गेलं, "मी."

मुकादमबाईनं मेंढीला आणखी एक घोट पाजला. मग म्हणाली, "उद्यापासून तू काम करायचं नाहीस. फाटकाशी बसायचं. मी उठ म्हणेपर्यंत."

शिक्षाच ती. लिफ्टबाई दिवसचे दिवस फाटकाच्या खांबाशी बसून राहिली. पहिल्या दिवशी रडली. दुसऱ्या दिवशी रडून कंटाळली आणि बघायला लागली. आणि तिला दिसलं, मेंढरं सारखी नव्हती. फाटक्या कानाची एक म्हातारी मेंढी आधी उठायची, हवा हुंगायची, खाली निघायची, मग बाकीच्या. एकदा तिनं बापाचा तो आवाज काढून पाहिला. ट्र्रर्र. मेंढरांनी माना वर केल्या, बघितलं आणि पुन्हा चरायला लागली. ज्यांना तो आवाज कळायचा ती मेंढरं कधीच संपली होती, आणि बाप अजून त्यांना हाका मारत होता. लिफ्टबाईला त्या क्षणी सगळं टाकून घरी पळत सुटावंसं वाटलं.

रविवारी तिनं फोन केला. फाटकाचं काही बोलली नाही, लाज वाटली. एवढंच म्हणाली, "बाबा, पुढे फाटक्या कानाची असते."

म्हातारा कितीतरी वेळ हसत होता.

वर्ष संपलं तेव्हा मुकादमबाईनं लोकरीच्या शेडमागच्या खोलीची किल्ली लिफ्टबाईच्या हातावर ठेवली. ती किल्ली परत पुढे करत म्हणाली, "अहो, मी तर फाटक..."

"म्हणूनच," मुकादमबाई खेकसली. "फाटक दिसलं की तुझे पाय लटपटतात. कॅशियरचे नाही लटपटत. जा आता, बापाला घेऊन ये, नाहीतर विचार बदलेन."

लिफ्टबाई जवळजवळ धावतच घरी पोचली. म्हातारा खिडकीशी बसला होता. "आलीस?" तो म्हणाला, आणि कपाटाकडे बघून हसला. ती कपाटाजवळ नव्हती. ती दारात होती.

तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय करू गं? त्यांनीच शपथ घातली होती. तुला कळलं असतं तर तू सगळं सोडून आली असतीस."

लिफ्टबाईनं बापाचे कपडे पिशवीत भरायला घेतले.

दुसऱ्या दिवशी म्हातारा तिच्या खांद्यावर हात ठेवून त्या वाटेनं चालला. हौद मागे टाकून दोघं फाटकातून कुरणात शिरली. लिफ्टबाई बोलत होती, थांबतच नव्हती. इकडे उतार आहे, तिकडे झाड आहे, मेंढरं त्या झाडाखाली बसलीत. बोलता बोलता तो जुना मेला हात मागे गेला आणि फाटक ओढायला लागला.

"राहू दे," म्हातारा म्हणाला.

"काय?"

"येताना कडी वाजली नाही. उघडंच होतं ना? मग उघडंच राहू दे. पाण्याला यायची असतील ती."

लिफ्टबाईनं हात काढून घेतला. दोघं वाटेतच उभी राहिली. थोड्या वेळानं फाटक्या कानाची उठली, तिच्यामागे कळप उठला आणि खाली यायला लागला. म्हाताऱ्यानं दोन्ही हात खाली सोडले. मेंढरं त्याच्या पायांना घासत, दोन्ही बाजूंनी फाटकाकडे जात राहिली आणि तो प्रत्येकीच्या पाठीवरून बोटं फिरवत राहिला.

"मोठा कळप आहे गं," तो म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते त्यानं पुसलं नाही.

मग पायांना घासणारं कुणी राहिलं नाही. हौदाशी पाणी पिण्याचे आवाज यायला लागले. म्हाताऱ्याचे हात तसेच खाली होते.

"झाली का सगळी?" त्यानं विचारलं.

लिफ्टबाईनं समोर वर पाहिलं. कुरण रिकामं होतं.

"नाही बाबा," ती म्हणाली, "थोडी मागे राहिलीत. थांबू या."

ज्याला न वाजलेली कडी कळली, त्याला हे कळलं नसेल होय? पण म्हातारा थांबला.