खंडेनवमीचं पिस्तूल

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर तेवढं पोटात घालावं.

थोरल्या दिरांनी कागद केले म्हणून आम्ही दोघं टेक्सासला आलो. शुगर लँडमध्ये बाकीचे आपले लोक इंजिनिअर नाहीतर डॉक्टर. हे पेट्रोल पंपावरच्या दुकानात गल्ल्यावर बसायचे. मला ना इंग्रजी येत होतं, ना गाडी. रविवारी हे मला देवळात न्यायचे आणि मी तिथल्या स्वयंपाकघरात प्रसादाच्या पोळ्या लाटायचे. स्वयंपाकघर काकूंच्या ताब्यात होतं. मी फार बोलत नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. पोळपाट माझ्यापुढे सरकवायच्या, बस. त्या पोळपाटासाठी मी आठवडाभर रविवारची वाट बघायचे.

एकदा भर दुपारी दुकानात चोर आला. यांनी गल्ला उघडून दिला, तरी जाताना त्यानं पिस्तुलाची मूठ तोंडावर मारली. पुढचे तीन दात गेले. विमा नव्हता. मी काकूंकडे दातांसाठी नऊशे डॉलर मागितले. कुणाकडे काही मागायची माझी ती पहिलीच वेळ. पुढच्या रविवारी त्यांनी पाकीट दिलं. म्हणाल्या, "फेडायची घाई नाही. नवरा हसायला लागला की दाखव मला."

यांनी दात बसवले नाहीत. त्या पैशांत पिस्तूल चालवायचा वर्ग केला, बोटांचे ठसे दिले, परवाना काढला आणि पिस्तूल घेतलं. मला कळलं तेव्हा ते कमरेला होतं.

"दातांवाचून कुणी मरत नाही," म्हणाले.

काकूंना सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं.

हे कायद्याला धरून चालणारे. परवान्याचं पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचून काढलं होतं. पिस्तूल शर्टाखाली झाकलेलं हवं, कुणाला दिसता कामा नये. देवळाच्या दारावर मनाईचा बोर्ड नसेल तर ते आतही नेता येतं. आमच्या देवळावर बोर्ड नव्हता. म्हणून हे देवीसमोर तसेच उभे राहायचे, आणि वाकताना शर्ट मागून ओढून धरायचे.

खंडेनवमीला देवीपुढे मोठा पाट मांडला. त्यावर लॅपटॉप, गाड्यांच्या किल्ल्या, एका डॉक्टरांचा स्टेथोस्कोप आणि काकूंची विळी. "अहो, लॅपटॉपवर अक्षता नको, की-बोर्डमध्ये जातील!" असा हशा चालला होता. यांनी शर्ट वर केला, पिस्तूल काढलं, त्यातल्या गोळ्या खिशात टाकल्या आणि विळीशेजारी ते अलगद ठेवलं. गावी माझे सासरे याच दिवशी कोयता ठेवायचे, तसंच. वर झेंडूचं फूल वाहिलं.

"डॅड, इज दॅट रिअल?" एका पोरीनं विचारलं. तिच्या आईनं तिला मागे ओढलं.

काकूंचे यजमान कमिटीत होते. ते ओरडले, "उचला ते आधी! देऊळ आहे हे!"

"आज शस्त्राचीच पूजा ना, काका?" यांनी विचारलं. चेष्टा नव्हती, खरंच विचारलं. बोलताना तोंड उघडलं आणि काकूंना दातांची खिंड दिसली. त्यांनी पिस्तुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दात नाही बसवले गं?" माझ्यापुरतंच, हळू विचारलं. मी मान खाली घातली.

पुढच्या रविवारी कमिटी दारावर मनाईचा कागद चिकटवायला निघाली. हेच पुढे होऊन म्हणाले, "नुसता कागद चालत नाही. ठरलेला मजकूर लागतो. इंच इंच उंच अक्षरं, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये."

"आपल्या देवीला स्पॅनिश कधीपासून कळायला लागलं?" कुणीतरी म्हणालं. हे हसले नाहीत. पुस्तकातलं पान काढून दिलं, आणि त्यावरूनच बोर्ड तयार झाला. तोरणाखाली लावला. तेव्हापासून यांनी ते दार ओलांडलं नाही.

"गाडीत ठेवून या ना," मी म्हणायचे.

"काच फोडायला किती वेळ लागतो?"

मग मी आत, हे उन्हात गाडीत बसलेले. काकू रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पोळपाट आता दुसऱ्या बाईपुढे जायचा आणि मला म्हणायच्या, "जा तू, ते थांबलेत." हळूहळू मी जायचं सोडलं.

फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी जायचे. दोन घरांना पोळ्या करून देत होते, त्यातले पंचवीस डॉलर पाकिटात घालून नेऊन द्यायचे. काकू ते न उघडता पदराआड ठेवायच्या. तेवढ्या मिनिटभरात मी स्वयंपाकघर बघून घ्यायचे. डबे कुठे हलवलेत, तवा नवा आणलाय का. असं तीन वर्षं चाललं.

शेवटच्या पाकिटाला मी म्हटलं, "मोजा ना, काकू."

"कशाला गं?"

"मोजा."

त्यांनी हात पुसले, पाकीट उघडलं. पाच पाचच्या नोटा होत्या. एकेक नोट सावकाश ओट्यावर ठेवली. पोळपाट तिथेच होता, पिठानं पांढरा. मला वाटत होतं, नोटा संपायच्या आत त्या म्हणतील, पुढच्या रविवारी ये. बाहेर गाडीचं इंजिन चालू होतं, ते त्यांनाही ऐकू येत असणार.

पाचवी नोट ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"झाले गं," म्हणाल्या. "नऊशेच्या नऊशे फिटले."