मिल्ड्रेड नाव कसं पडलं

जन्मताच पोरगी निळी पडली हो, श्वासच घेईना! इंग्लंडात, लेस्टरच्या हॉस्पिटलात म्हातारी सिस्टर मिल्ड्रेड तिची पाठ चोळत ओरडली, "नेम काय, लव्ह? हाक मार तिला!" नाव ठेवायचा मान आत्याचा, वन्सं तर पुण्याहून यायच्या होत्या. मला सुचेना, मी सिस्टरचंच नाव ओरडले. आणि पोर रडली!

सिस्टर हसली, "आमच्या जुन्या संतबाईचं नाव. मऊ, पण ताकदीचं."

बारशाला वन्सं कुर्र करायला पाळण्यावर वाकल्या, मी त्यांचा हात धरला. "नको वन्सं, नाव बदललं आणि श्वास पुन्हा थांबला तर?"

"बरं बाई," म्हणाल्या. आणलेलं नाव न सांगताच परत गेल्या.

आज लेकीकडे लॅव्हेंडर साबणाचा वास आला, सिस्टरच्या हातांना यायचा तसा. वन्सं आता नाहीत, त्यांनी आणलेलं नाव त्यांच्याबरोबरच गेलं. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?