जाड लॅपटॉपमधली खाडी

संध्याकाळचा चहा झाला की बाबा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "जायचं का खाडीवर?"

आमचं घर खारबावला. खाडी घरापासून लांब नाही. पण बाबा विचारायचे ती खाडी माझ्या लॅपटॉपमधली. एका गेममध्ये बेटांचा एक मोठा मुलूख होता. तलवारी होत्या, शत्रू होते, एक लांबलचक गोष्ट होती. गोष्ट मी कधीच संपवली होती. आता मी त्यात नुसती भटकायचे. भटकता भटकता एका संध्याकाळी एका रुंद पाण्याच्या काठी पोचले. काठाला गवत होतं आणि एक होडी बांधलेली होती. बाबा पाणी प्यायला आत आले होते, ते तांब्या हातात धरून तिथंच उभे राहिले.

"जरा थांब. ती होडी कोनाची?"

"कोणाची नाही बाबा. आपण घेऊ शकतो."

"मंग घे की."

त्या दिवसापासून हे सुरू झालं. बाबा तरुणपणी खाडीत होडीवर होते. आधी विटा वाहायचे, मग रेती. पुढं ते काम बंद झालं, होडी गेली, बांधाच्या आतली जमीन गोदामांना गेली. खायला-प्यायला कमी नव्हतं. पण बाबांच्या बोलण्याला काही विषयच उरला नव्हता. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी ओट्यावर बसून रस्त्यावरचे कंटेनर बघणं. आणि आता ते माझ्या खुर्चीशेजारी प्लास्टिकचं स्टूल ओढून बसायचे, मी बटणं दाबायचे आणि होडी पुढं सरकायची. आम्ही फारसं बोलायचो नाही. खिडकीबाहेर उजेड उतरत जायचा, पडद्यावरही उतरत जायचा. कधीकधी मला कळायचं नाही, अंगाला लागतोय तो गारवा नक्की कुठल्या बाजूनं येतोय. आई आतून हाक मारायची, "झाली का तुमची खाडी? भात वाढते."

मग तो लॅपटॉप गेला. कॉलेजपासूनचा होता, आधी एका चुलतभावाचा. पडद्यावर उभ्या रेघा आल्या आणि एका सकाळी तो काळाच राहिला. संध्याकाळी बाबा सवयीनं दारात आले, बंद पडद्याकडे बघितलं, आणि "बरं" म्हणून ओट्यावर गेले. नंतरचे काही दिवस ते दारात आलेच नाहीत.

नवा घ्यायलाच हवा होता, कामासाठीही. मी भिवंडीतल्या एका कापडाच्या शेठकडे ड्रेस मटेरियलची डिझाइनं काढते. वेली, बुट्टे, किनारी. रोज लॅपटॉप पाठीवर घेऊन आधी रिक्षा, मग बस, मग पुन्हा रिक्षा. उजवा खांदा बरेच महिने दुखत होता. रात्री आई तेल चोळून द्यायची आणि बाबा ते बघत बसायचे, एवढं माझ्या लक्षात होतं. त्यांच्या मनात काय चाललंय ते मात्र लक्षात आलं नव्हतं.

दुकानात बाबा माझ्याबरोबर आले. ते आपण होऊन कुठं निघत नसत, म्हणून मला नवल वाटलं. दुकान एका गल्लीत होतं, समोरच्या शेडमध्ये कापडाचे लूम खडखडत होते, आणि दुकानदाराला प्रत्येक वाक्य जरा वरच्या आवाजात बोलावं लागत होतं. त्यानं काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. एक पातळ, राखाडी, कडा अशा गोलसर की हात फिरवत राहावंसं वाटावं. दुसरा जाड, काळा, मागे मोठ्या जाळ्या, आणि त्याचा चार्जर म्हणजे अख्खी वीट.

मी विचारलं, "दोन्हीत ग्राफिक्स कार्ड एकच आहे ना? मग फरक काय?"

"नाम एक है, मॅडम. लेकिन पतले में उसको पूरी पावर नहीं मिलती. हवा जाने को जगह नहीं ना. गरम होगा, तो अपने को बचाने के लिए खुद ही धीमा हो जायेगा."

"म्हंजे दमतं ते," बाबा म्हणाले.

"हां चाचा, थक जाता है."

मी जाड लॅपटॉपकडे बघत होते. त्याच्यावर दुकानदारानं कुठल्या तरी गेमचा नमुना लावून ठेवला होता, आणि त्यातलं गवत वाऱ्यावर हलत होतं. एकेक पातं वेगळं. मला वाटलं, यात आमचा तो काठ कसा दिसेल. तेवढ्यात बाबांनी पातळ लॅपटॉप उचलून तळहातावर ठेवला आणि हात थोडा खालीवर केला.

"हाच घे, बाय."

"बाबा, यात खाडी नीट दिसायची नाही."

"दिसंल तवढी दिसंल. तुला रोज पाठीवर न्यायचाय. तुझा खांदा दुखतो."

"खांद्याचं बघू नंतर."

"मंग खाडीचंबी बघू नंतर."

दुकानदार एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असावं, आम्ही भांडतोय. आम्ही भांडतच होतो, पण उलटं. मला जाड हवा होता तो त्यांच्यासाठी, त्यांना पातळ हवा होता तो माझ्यासाठी, आणि दोघांनाही ते मोकळेपणी बोलता येत नव्हतं. शेवटी मी हरले. खरं सांगायचं तर तो पातळ लॅपटॉप मलाही आवडला होता. बॅगेत घातला तर बॅग रिकामी वाटत होती. पैसे देताना दुकानदार म्हणाला, "डब्बा संभाल के रखो. पसंद नहीं आया तो दो-चार दिन में ले आना."

घरी आल्यावर संध्याकाळी बाबा दारात आले. स्टूल ओढलं. मी गेम चालू केला आणि पहिला थोडा वेळ सगळं छान चाललं. पाणी चमकत होतं. बाबा पुढं वाकून बघत होते. मग माझ्या बोटांखालची बटणं तापायला लागली. उन्हाळा होता, पंखा गरम हवाच ढवळत होता. होडी अडखळायला लागली, दोन पावलं पुढं, मग थबकल्यासारखी, मग एकदम पुढं. मी सेटिंग कमी केलं. कमी केल्यावर पलीकडचा काठ नाहीसा झाला. तिथं नुसता पांढरा पडदा.

"दूरचं कमी केलंय मी. नाहीतर चालत नाही," मी म्हणाले.

"धुकं हाय," बाबा म्हणाले. "थंडीत असंच अस्तं. चल तू."

त्या धुक्यात आम्ही दोन संध्याकाळी फिरलो. तिसऱ्या संध्याकाळी मी होडी वळवताना काहीतरी बोलले आणि उत्तर आलं नाही. वळून बघितलं तर बाबा स्टुलावर ताठ बसलेले, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले.

"बाबा, झोप आली का?"

"न्हाय. पान्याचा आवाज ऐकतोय."

"मग डोळे का मिटलेत?"

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे नाही. "चित्र जरा धडपडतंय. घेरी येते. तू चालव, मी ऐकतो ना."

त्यांच्या आवाजात तक्रारीचा मागमूस नव्हता. पाऊस थांबेपर्यंत कुणाच्या वळचणीला उभं राहावं, इतक्या सहज ते सांगत होते. पण मला पुढं होडी चालवता येईना. मी गेम बंद केला. आम्ही दोघं तसेच बसलो, आणि त्या तापलेल्या पातळ यंत्राचा पंखा आपला बारीक आवाजात फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी शेठला विचारलं, मी घरूनच काम पाठवलं तर चालेल का. हे मी आधीच विचारायला हवं होतं, पण कधी सुचलंच नव्हतं. रोज जायचं म्हणजे जायचं. शेठ कापडाच्या तुकड्यावरून मान वर न करता म्हणाले, "मला डिझाइन टायमावर पाहिजे. तू घरून दे नाहीतर झाडावर बसून दे. हफ्त्यातून एकदा कलर बघायला ये फक्त." एवढंच. इतके महिने माझा खांदा दुखत होता तो या एका वाक्यासाठी.

संध्याकाळी मी पातळ लॅपटॉप डब्यात घालून परत केला आणि वर थोडी भर घालून तो जाड काळा घेऊन आले. बाबा रिक्षाजवळ आले आणि डबा त्यांनी स्वतः उचलला.

"हा तोच ना? वजनदार?"

"तोच. पण तो आता घरातून हलायचा नाही. आणि मीपण."

त्यांनी एकदा माझ्या खांद्याकडे बघितलं आणि डबा घेऊन आत गेले.

चालू केल्यावर त्याचा पंखा असा घुमला की आई बाहेर आली. "घरात लूम बसवला काय?" पण थोड्या वेळानं तो आवाज कानाला लागेनासा झाला, आणि पलीकडचा काठ दिसला. पूर्ण दिसला. गवत, त्यामागे झाडं, झाडांमागे निळसर डोंगर, आणि काठाच्या चिखलावर पाण्याची ओली रेघ. बाबांनी स्टूल मागे घेतलं, जवळून एवढं सगळं मावत नसावं तसं.

"हितं थांबव."

मी होडी काठाला थांबवली. बाबा त्या ओल्या रेघेकडे बघत बसले. मी वाट बघत होते, ते "चल" म्हणतील. ते म्हणेनात. गेममधला सूर्य डोंगरामागे गेला, पाणी जांभळं झालं, मग काळं. चांदण्या आल्या. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "वहटी होत न्हाय."

"काय?"

"ओहोटी. मघापासनं बघतोय. पानी उतरंल आनि चिखलातलं मासं, निवट्या, वर येतील. पन पानी जागचं हलत न्हाय."

"गेममध्ये भरती-ओहोटी नाही बाबा. पाणी आहे तेवढंच राहतं."

मला वाटलं, त्यांचा विरस झाला. पण ते हसले, आणि मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी मी कधी ऐकली नव्हती. आईनंही ऐकली नव्हती, कारण ती भाताचं पातेलं उतरवून दारात येऊन उभी राहिली.

लग्नाच्या आधीची गोष्ट. बाबा विटा भरून एकटेच होडीवर होते, भरतीची वाट बघत. पहाट झाली नव्हती. ते विटांवर पाठ टेकून जरा लवंडले. भरती आली तेव्हा ते गाढ झोपेत होते. दोर निसटला आणि होडी त्यांना घेऊन निघाली.

"जाग आली तवा मी तिवरांच्या झाडीत," बाबा म्हणाले. "सगळीकडून तिवरं. मधी येवढीशी जागा, तीत होडी. ऊन कोवळं. आनि विटांवर बगळे बसलेले, माझ्या पायाशी, उशाशी. मी हललो न्हाय. हललो अस्तो तर उडाले अस्ते."

"मग?" आईनं विचारलं.

"मंग काय. पडून राहिलो. पानी उतरलं. होडी चिखलावर बसली. बगळे खाली उतरून चिखलात खायला लागले. कुठं आलोय ठावं न्हाय, कोन हाक मारंल ठावं न्हाय. भूक न्हाय, भ्याव न्हाय. दुपारच्या भरतीला होडी उचलली तवा कुठं होडी रेटायचा बांबू हातात घेतला."

"मुकादम ओरडला असेल," मी म्हणाले.

"वरडला. विचारलं, कुठं होतास. मी सांगितलं, झोपलो होतो. खरंच की ते. पन तसं सुख परत न्हाय झालं."

पडद्यावर रात्र होती आणि होडी पाण्यावर जागच्या जागी हलकेच डुलत होती. भात निवला, तरी कुणी उठलं नाही.

त्यानंतर मी बाबांना हातात धरून गेम खेळायचा कंट्रोलर आणून दिला. त्यांच्या बोटांना ती छोटी बटणं सापडायला वेळ लागला. पहिले काही दिवस होडी गोल फिरायची, काठावर चढायची, खडकाला धडकायची. "हिला वल्हं कुठून मारायचं तेच कळत न्हाय," म्हणायचे. मग एक दिवस मी आतल्या खोलीत कागदावर एका साडीची किनार काढत होते आणि मला ऐकू आलं, बाबा कुणाशी तरी बोलतायत. "हळू. हळू घे. आता सोड. आता जा." डोकावले तर ते एकटेच होते. होडी दोन खडकांमधून सरळ बाहेर पडत होती.

माझं काम आता दुपारीच उरकतं, संध्याकाळ त्यांची असते. मी कधी शेजारी बसते, कधी नाही. ओट्यावर येणारे-जाणारे विचारतात, "काका दिसत नाहीत?" आई सांगते, "होडीवर गेलेत." माणसं हसतात आणि पुढं जातात.

मागच्या आठवड्यात त्यांनी मला हाक मारली. होडी बेटांच्या पार बाहेर नेली होती त्यांनी. मागे जमीन म्हणून उरली नव्हती, चहूकडे पाणी आणि वर फिकट आकाश. मीही तिथवर कधी गेले नव्हते. बाबा कंट्रोलरची दांडी पुढं दाबून धरत होते, पण होडी पुढं जात नव्हती. तिथं त्या जगाची हद्द होती. हे त्यांना कसं सांगावं, मी शब्द शोधत होते.

"हितं संपतं वाटतं," बाबा म्हणाले.

"हो."

"बरं हाय की. लय मोठं हाय तसं." त्यांनी दांडी सोडली. होडी शांत झाली. आम्ही दोघं त्या निवांत पाण्याकडे बघत राहिलो. पडद्यावर ऊन अजून बरंच होतं. मग त्यांनी कंट्रोलर नीट हातात धरला आणि होडीचं तोंड फिरवलं.

"बस तू," ते म्हणाले. "परतताना वारा बरा हाय."