ज्योतीचा रंग

इंटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला, अमरावतीच्या कॉलेजात, आम्हाला एक साधं काम दिलं होतं. प्लॅटिनमची तार आधी आम्लात आणि मग दिलेल्या क्षारात बुडवायची, दिव्याच्या ज्योतीत धरायची आणि ज्योत कोणत्या रंगाची झाली ते लिहायचं. माझ्या शेजारच्या मुलाने आपली तार धरली आणि तो ओरडलाच, "पाह्य, काय लालभडक झाली!"

मी पाहिलं. ज्योत पिवळट होती, जरा दाट वाटली, एवढंच. मग मी माझी तार धरली. माझा क्षार वेगळा होता, पण ज्योत मला तशीच दिसली. त्याची लाल म्हणून माझीही मी लाल लिहिली.

त्याने वाकून माझ्या कागदाकडे पाहिलं. "लाल कुठं आहे राजा? हिरवी आहे ना. तुले दिसून नाही राहिलं का?"

"गंमत केली," मी म्हणालो आणि लाल खोडून हिरवी लिहिली.

पण त्याला ती गंमत पटली नाही. प्रॅक्टिकल संपल्यावर त्याने मला बाहेर लिंबाखाली उभं केलं आणि समोरच्या बंगल्याच्या कुंपणाकडे बोट दाखवलं. "तिथं जास्वंदीचे फुलं किती आहेत सांग."

मला फुलं दिसत नव्हती. पानं दिसत होती. जवळ गेलो तेव्हा आकारावरून फुलं ओळखू आली.

तो अकोल्याच्या एका कापडदुकानदाराचा मुलगा, रंगांतच वाढलेला. म्हणाला, "अन् तू केमिस्ट्री घेतली!"

माझं घर बार्शीटाकळीचं. आमचा भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मिरच्या, टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर. बाबा पहाटे बंडी जुंपून माल अकोल्याला नेत. लहानपणी मला टमाटे तोडायला बसवलं की मी कच्चे आणि पिकलेले एकाच टोपलीत टाकायचो. बाबांना वाटे, पोराचं लक्ष नाही. "याचं ध्यान कुठं असते, देव जाणे," असं म्हणून त्यांनी मला तोडणीवरून काढलं आणि मोटेवर लावलं. पुढे शाळेत हुशार निघालो तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, म्हणूनच याचं मळ्यात मन लागत नव्हतं. मलाही तसंच वाटत होतं. लाल आणि हिरवा हे दोन वेगळे रंग आहेत हे मला शब्दांनी माहीत होतं. मिरची पिकली की तिला लाल म्हणायचं, पान असेल तर हिरवं. जगाला या शब्दांमागे आणखी काही दिसतं, हे मला कॉलेजात जाईपर्यंत कळलं नाही.

रसायन मी घेतलं त्याला कारण होतं. अकोल्याच्या हायस्कुलात शास्त्राच्या मास्तरांनी एकदा दोन स्वच्छ पाण्यासारखी द्रावणं एकत्र ओतली आणि नळीत एकदम दह्यासारखा पांढरा गाळ झाला. मला ते विसरता येईना. दोन दिसत नसलेल्या गोष्टी भेटल्या आणि तिसरी दिसली. मास्तर म्हणाले, याच्या पलीकडचं सगळं इंटरला शिकवतात. बाबांना त्यांनी वेगळं सांगितलं. इंटर सायन्स झालेल्याला रेल्वेत चांगली जागा मिळते, म्हणाले. बाबांनी तेवढंच ऐकलं. बडनेऱ्याच्या स्टेशनावर पांढऱ्या गणवेशात मी उभा आहे, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे तेव्हापासून होतं.

घरी मी काही कळवलं नाही. कळवून काय सांगणार होतो?

ते पहिलं वर्ष मी त्या मित्राच्या डोळ्यांनी काढलं. आमच्या क्रमांकांप्रमाणे आम्ही एकाच टेबलावर होतो. तो आपलं काम करता करता माझ्या नळीकडे पाहून हळूच बोले. "तुह्यी हिरवी." "तुह्यी विटकरी." "थांब, गुलाबी आली, तोटी बंद कर." त्याच्या बदल्यात मी त्याला समीकरणं समजावून देई, कारण त्याला कोणता पदार्थ कशाशी का जुळतो यात अजिबात रस नव्हता. संध्याकाळी आमच्या समाजाच्या वसतिगृहात तो येऊन बसे आणि तिथेच जेवे. आमच्या कपड्यांना प्रयोगशाळेतल्या एका वायूचा सडक्या अंड्यांसारखा वास इतका भरलेला असे, की जेवणाच्या पंगतीत आम्हाला दाराजवळ बसवत. तो म्हणायचा, "हे पाह्य, आपण मोठे सायंटिस्ट झालो. लोक आतापासूनच दूर बसवून राहिले."

दुसरं वर्ष सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील. अकोल्याहून त्याचा काका त्याला न्यायला आला. त्याचे वडील दुकानातच गादीवर कोसळले होते आणि घरी नेईपर्यंत गेले. मी त्याच्याबरोबर बडनेऱ्यापर्यंत गेलो. फलाटावर काका पाणी आणायला गेला तेव्हा तो इतक्या वेळात पहिल्यांदा बोलला.

"मी आता वापस येत नाही. मोठा मीच आहे."

"समजते मले," मी म्हणालो.

"तू कसं करशील बे?"

बाप गेलेला असताना त्याने मला हे विचारलं. मी म्हणालो, करतो काहीतरी. गाडी आली, तो गेला, आणि मी अमरावतीच्या छोट्या गाडीत बसून परत आलो. करण्यासारखं काही नाही हे मला गाडीतच कळत होतं.

टेबलावर त्याच्या जागी कोणी आलं नाही. दुसरं महायुद्ध चालू होतं. परदेशातून काच येत नव्हती, रसायनंही मोजकी मिळत. एकाची नळी फुटली तरी प्रोफेसर दिवसभर चिडलेले असत. अशा दिवसांत मी एका अनुमापनात, म्हणजे फिकट गुलाबी छटा येईपर्यंत थेंबथेंब परमँगनेट सोडण्याच्या प्रयोगात, ती छटा न कळल्यामुळे कितीतरी जास्त ओतून टाकलं. प्रोफेसर मागे उभे होते. पुण्याकडचे होते ते, शांत बोलत.

"हे काय चाललंय तुमचं?"

मी तोटी बंद केली.

"तुम्हाला थांबायचं कधी ते कळत नाही का?"

"दिसत नाही सर," मी म्हणालो.

त्यांनी मला त्यांच्या खोलीत नेलं, कपाटातून चार बाटल्या काढल्या आणि एकेकीचा रंग विचारला. दोन मी बरोबर सांगितल्या. त्यांनी बाटल्या जागेवर ठेवल्या आणि खुर्चीत बसले.

"तुम्ही कलर ब्लाइंड आहात. यावर औषध नाही. आर्ट्सला जा. मी प्रिन्सिपॉलना सांगतो."

"एक वर्ष वाया जाईल सर."

"नाहीतर दोन जातील. प्रॅक्टिकलला नापास झालात की सगळं नापास."

ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी विचार करायला वेळ मागितला आणि विचार करण्याऐवजी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. बाबा मळ्यात नवे वाफे करत होते. त्यांना सांगायचं ठरवून मी बांधावर बसलो. त्यांनी न विचारताच सांगायला सुरुवात केली, की बडनेऱ्याला आपल्या जातीतला एक जण रेल्वेत लागला आहे आणि त्याला राहायला पक्कं घर मिळालं आहे. मी त्यांचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. नंतर उठलो आणि पाणी वळवायला गेलो.

सुट्टी संपवून परत आलो तो आर्ट्सला न जाण्याचं ठरवून. आशा होती म्हणून नव्हे. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून.

मग मी एक गोष्ट शोधून काढली. निळा आणि पिवळा हे दोन रंग मला दिसत. पांढरा आणि काळा दिसे. तेव्हा प्रत्येक क्षार, जो इतरांना लाल किंवा हिरव्यावरून कळतो, तो मला निळा, पिवळा किंवा पांढरा होईपर्यंत ढकलत नेता आला पाहिजे. पुस्तकात याच्या वाटा होत्या, पण त्या मागच्या पानांत होत्या आणि लांबच्या होत्या. लोहाचा तांबूस गाळ आणि क्रोमियमचा हिरवट गाळ मला सारखेच दिसत. पण लोहाला एका विशिष्ट क्षाराने गडद निळं करता येतं, आणि क्रोमियमला खूप उकळून, आणखी एक पायरी चढवून पिवळं करता येतं. गाळाचा पोतही मी पाहायला शिकलो. कोणता चिकट, कोणता दाणेदार, कोणता नळीच्या तळाला लगेच बसतो, कोणता तरंगत राहतो. अनुमापनात मी शेजारी साध्या पाण्याचा चंबू ठेवी आणि दोन्हींकडे एकदम पाहत राही. गुलाबी दिसत नसे, पण एका क्षणी एक चंबू दुसऱ्यापेक्षा किंचित मळल्यासारखा वाटे. तिथे थांबायचं. पुष्कळदा चुकायचं. कधीकधी जमायचं.

इतर मुलं एका तासात जे उरकत त्याला मला दुप्पट वेळ लागे. प्रोफेसर मला प्रयोगशाळा बंद होईपर्यंत बसू देत, पण त्यांनी कधी शाबासकी दिली नाही. एकदा जाताना एवढंच म्हणाले, "चिकाटी आहे. कशासाठी ते मला कळत नाही." मलाही कळत नव्हतं. वऱ्हाडातला उन्हाळा लागला होता. प्रयोगशाळेच्या पत्र्याखाली घाम नळीत पडू नये म्हणून मी कपाळाला फडकं बांधत असे.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. मला एक मिश्रण मिळालं. मी ज्योतीची जागा कोरी सोडली आणि सरळ ओल्या परीक्षांना, म्हणजे द्रावणात करायच्या चाचण्यांना, लागलो. एका नळीत निळा रंग आला, असा गडद की शंकेला जागा नव्हती. लोह होतं. दुसरा धातू अवघड गेला. क्रोमेटने गाळ येईना, तेव्हा बेरियम नाही हे कळलं. मग सल्फेट घालून काचेच्या कांडीने नळीची आतली बाजू घासत बसलो. बऱ्याच वेळाने पांढरं धुकं धरलं. स्ट्रॉन्शियम. सगळी मुलं निघून गेली होती.

परीक्षकांनी कागद पाहिला. "उत्तर बरोबर आहे. ज्योतीचा रंग का लिहिला नाही? याची ज्योत तर सगळ्यांत सोपी."

तोच तो क्षार होता, ज्याची लाल ज्योत पाहून माझा मित्र पहिल्या वर्षी ओरडला होता. मी म्हणालो, "मला तो रंग दिसत नाही." त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, प्रोफेसरांकडे पाहिलं. प्रोफेसरांनी मान हलवली. परीक्षकांनी आणखी काही प्रश्न विचारले, सगळे पुस्तकातले. मला ते येत होते. मग त्यांनी मला जायला सांगितलं.

निकाल लागला तेव्हा रसायनात माझे गुण कॉलेजात सर्वांत वर होते. मी प्रोफेसरांना पेढे द्यायला गेलो. त्यांनी पेढा घेतला, बसायला सांगितलं आणि म्हणाले, "पुढे नागपूरला बी. एस्सी.ला जायचा विचार असेल तर सोडून द्या. तिथे रंगद्रव्यांचं काम आहे. दिवसभर रंगच. तुम्ही इथे जे केलंत ते फार मोठं केलंत. पण ते एवढंच होतं."

मी त्यांच्या पाया पडलो आणि निघालो.

रेल्वेचं मात्र बाबांनी सोडलं नाही. बडनेऱ्याच्या त्या ओळखीच्या माणसाने अर्ज पुढे सरकवला. बोलावणं आलं. लेखी झालं, तोंडी झालं, आणि शेवटी बडनेऱ्याला रेल्वेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी टेबलावर रंगीत लोकरीच्या लडी पसरल्या. हातात एक लडी दिली आणि म्हणाले, हिच्या रंगाच्या सगळ्या वेगळ्या काढा. मी काढल्या. लोकरीवर घालून पाहण्यासारखं कोणतं द्रावण तिथे नव्हतं. डॉक्टर माझ्या ढिगाकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी मला दुसऱ्यांदा करायला सांगितलं, दयेने असावं. दुसऱ्यांदाही तसंच झालं.

"सिग्नल लाल आहे की हिरवा ते तुम्हाला कळणार नाही," डॉक्टर म्हणाले. "नियम आहे."

बाहेर बाबा धोतराच्या सोग्याने तोंड पुसत उभे होते. नवी टोपी घालून आले होते. मी काय झालं ते सांगितलं. रंगांचंही सगळं सांगितलं, लहानपणापासूनचं. ते ऐकत राहिले.

"पण तू पास झाला होता ना?" ते म्हणाले. "पहिल्या नंबरानं?"

"हो बाबा."

"मग?"

अकोल्याची गाडी यायला वेळ होता. आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो. गाडीत मूर्तिजापूर गेल्यावर त्यांना झोप लागली.

पुढे मी अकोल्याच्या कचेरीत कागदांच्या नकला करायला लागलो आणि तिथेच राहिलो. काळी शाई, पांढरा कागद. मित्राचं दुकान वाटेवर होतं. तो कधी आत बोलवी, गिऱ्हाईक नसलं तर चहा मागवी. कापडाचे ताके उलगडून तो बायकांना रंग सांगत असे, हे मोतिया, हे आंबाकैरी, आणि मी बाकावर बसून ऐकत असे. कॉलेजचा विषय आम्ही दोघेही काढत नसू.

माझ्यानंतर आमच्या घरातून कोणी कॉलेजात गेलं नाही. धाकट्या भावाने एकदा विचारलं होतं, जाऊ का म्हणून. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणू शकलो असतो, नाही म्हणू शकलो असतो. मला दोन्ही म्हणवेना, आणि तो दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर बंडीवर बसून बाजाराला गेला.