जर्मनवाले सर

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, आणि जिचं नुकसान केलं तिच्यापाशी तर नाहीच. आता का सांगतोय? ते मलाही नीट ठाऊक नाही. लपवायचासुद्धा कंटाळा येतो हो माणसाला.

कर्जत तालुक्यातल्या एका कॉलेजात मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. कॅन्टीनवाल्यापासून प्राचार्यांपर्यंत सगळे मला ‘जर्मनवाले सर’ म्हणायचे. जर्मन कविता आणि जर्मन चिद्वाद — म्हणजे हे सगळं जग मुळात चैतन्यच आहे, असं मानणारा विचार — हा माझा विषय. माझा सिद्धांत सुटसुटीत होता. तत्त्वज्ञांनी विचार मांडला, कवींनी तो गाऊन दाखवला. तत्त्वज्ञ पुढे, कवी मागे. आधार कसला? तर नदीवरची एक लांबलचक कविता. नदी आणि माझं मन एकच, असं तो कवी म्हणतो. व्याख्यानात मी तिचा अर्थ सांगायला लागलो की लोक माना डोलवायचे. छान वाटायचं. खोटं कशाला बोलू?

वीस-बावीस वर्षांपूर्वी सुजाता एम.ए.ला माझ्याकडे आली. कडावची. वडील भिवपुरीला वीजकेंद्रात कामाला. शनिवार-रविवार दादरला क्लासला जाऊन पोरीने आपल्या हिमतीवर जर्मन शिकून घेतलं. वडील एकदा भेटायला आले. म्हणाले, “आमाला त्यातलं काय कळत नाय, सर. पोरगी तुमच्या हवाली हाय.” मी हो म्हटलं — किती सहज म्हटलं!

एके दिवशी ती मूळ जर्मन कविता घेऊन आली. आनंदाने नुसती फुलून गेली होती. माझ्या पुस्तकात होती ती कविता अर्धीच. पुढे अजून तेवढीच होती. आणि पुढच्या अर्ध्यात कवी आपलंच म्हणणं मोडून काढतो. नाही, नदी म्हणजे मी नव्हे. ती गेली, मी काठावरच राहिलो. म्हणजे कवी तत्त्वज्ञांच्या मागून चालत नव्हता, त्यांच्याशी भांडत होता. सुजाताला वाटलं, हे ऐकून मलाही आनंद होईल.

मी तो कागद हातात घेतला. ओळींवरून नजर फिरवली, मध्येच ‘हं’ म्हटलं. वाचल्यासारखं केलं — कारण मला जर्मन येत नाही. एक ओळसुद्धा नाही. सगळी पीएचडी मी इंग्रजी भाषांतरावर भागवली होती, फुटपाथवरून घेतलेल्या एका निवडक कवितांच्या पुस्तकावर. त्यात कविता अर्धीच छापलीय, हे मला कळणार तरी कसं?

पण एवढंच असतं तर मी आज बोललोही नसतो.

महिन्याभराने तिच्या संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठी निवडसमितीतून फोन आला. मार्गदर्शक म्हणून माझं मत हवं होतं. नुसतं ‘हुशार आहे’ म्हटलं असतं तरी काम झालं असतं. मी म्हणालो, मुलगी कष्टाळू आहे, पण जर्मन फार कच्चं आहे, मूळ कविता तिला झेपायच्या नाहीत. जर्मनवाल्या सरांचा शब्द — कोण कशाला पडताळून बघेल?

शिष्यवृत्ती गेली. कारणही तिला कुणीतरी सांगितलं. ती माझ्या खोलीत आली तेव्हा वाटलं — आता ही माझं भांडं फोडणार. ती म्हणाली, “बरं झालं सर, खरं बोललात. मला उगाच वाटत होतं, मला येतंय.” आणि रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. हो, पाणी दिलं!

जर्मन तिने सोडलं. आता कळंबला एका रिसॉर्टच्या ऑफिसात असते. तिचं बरोबर होतं, हे मला ती कविता घेऊन आली त्याच दिवशी कळलं होतं. तरी पुढे निवृत्त होईपर्यंत मी तोच अर्धा भाग शिकवत राहिलो.

गेल्या महिन्यात ती लेकीला घेऊन घरी आली. पोरीला जर्मन शिकायचंय. “माझं तर कच्चंच राहिलं, सर. हिला तरी तुमी शिकवा.”

खरं सांगायला याहून चांगली वेळ कुठली मिळणार होती मला? मी म्हणालो, “आता डोळे साथ देत नाहीत गं.” तिला फार वाईट वाटलं. तब्येतीला जपा म्हणाली, लेकीला नमस्कार करायला लावला.

त्या गेल्यावर मी खिडकीशी बसून सगळा पेपर वाचून काढला, छोट्या जाहिरातींसकट.