संदर्भ नसलेला परिच्छेद

नोकरीची सगळी वर्षं मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काढली. सुटा भाग मापात बसला तर पुढे, नाही बसला तर बाजूला. त्यात वाद घालायला जागा नसे आणि मला ते आवडायचं.

मी निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी यजमान गेले. मुलगी लांब, बंगळूरला. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये सकाळचे दहा वाजले की पुढचा सगळा दिवस अंगावर यायचा. मुलीनेच मला इंटरनेटवरच्या खुल्या मराठी ज्ञानकोशात खातं उघडून दिलं. तो कोश कुणीही लिहावा, कुणीही सुधारावा असा. ‘‘आई, जन्मभर चुकाच काढल्यास ना? मग इथेही काढ,’’ ती म्हणाली.

आधी मी शुद्धलेखन सुधारत असे. पुढे परीक्षणं करायला लागले. आपला लेख ‘उत्तम’ ठरावा असं कुणाला वाटलं की तो तसा अर्ज टाकतो. मग कुणीतरी परीक्षक लेख ओळ न ओळ वाचतो, प्रत्येक विधानाला छापील संदर्भ आहे का बघतो, आणि लेखाच्या चर्चापानावर सूचना लिहितो. माझा हात कडक आहे असं तिथे सगळे म्हणायचे. मला त्याचा अभिमान होता.

एके दिवशी नांदगाव तालुक्यातल्या एका लहानशा रेल्वे स्टेशनावरचा लेख माझ्याकडे आला. जिथे दिवसाला दोन-तीन पॅसेंजर थांबतात, बाकीच्या गाड्या धूळ उडवत निघून जातात, असं स्टेशन. अशा स्टेशनावर लेख असतो चार ओळींचा. हा चांगला लांबलचक होता. फलाट, जुनी पाण्याची टाकी, केबिन, फलाटावरची कडुनिंबाची झाडं कोणी लावली, सगळं होतं त्यात. लिहिणारे त्याच स्टेशनचे निवृत्त स्टेशनमास्तर होते. नांदगावात राहत होते.

मी बावीस सूचना लिहिल्या. वेळापत्रक काढा. ‘रम्य’, ‘टुमदार’ ही विशेषणं काढा. पाण्याच्या टाकीचा मजकूर दोनदा आला आहे, एकदाच ठेवा. दुसऱ्या दिवशी खाली उत्तर आलं. ‘परीक्षक महोदय, सूचना क्रमांक एक ते नऊ मान्य. अंमल केला आहे.’ मी बाई आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. आठवड्याभरात त्यांनी सगळं दुरुस्त केलं. फक्त पाण्याच्या टाकीचा मजकूर पुन्हा दोनदाच होता. मी काढला, तर चार दिवसांनी त्यांनी तो पुन्हा घातला. मी चिडून लिहिलं, ‘लेखकाने आपला मजकूर एकदा तरी स्वतः वाचून पाहावा.’ त्यावर उत्तर आलं, ‘क्षमस्व महोदय. वाचला होता.’

शेवटी एकच परिच्छेद अडला. त्यात लिहिलं होतं की एका कडाक्याच्या थंडीत, उजाडता उजाडता, तिथल्या कीमनला रूळ तडकलेला दिसला. कीमन म्हणजे रोज आपल्या हद्दीत रुळावरून पायी चालत जाऊन रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकून घट्ट करणारा माणूस. समोरून एक्स्प्रेस यायची वेळ झाली होती. तो लाल झेंडी घेऊन गाडीच्या दिशेने धावत सुटला. गाडी तडकलेल्या रुळाच्या अलीकडे उभी राहिली. कीमन खडीवर बसला. स्टेशनमास्तर पोचले तेव्हा त्याने पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि तिथेच गेला. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. गाडीतले प्रवासी खिडक्यांतून उशीर का झाला म्हणून विचारत होते. परिच्छेदात साल होतं आणि कीमनचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट.

मी लिहिलं, ‘घटनेला संदर्भ द्यावा. वर्तमानपत्र, पुस्तक, काहीही चालेल.’

‘महोदय, गाडी थांबली. कुणाला खरचटलंही नाही. वर्तमानपत्र काय छापणार?’

‘मग परिच्छेद ठेवता येणार नाही.’

‘मी त्या दिवशी ड्यूटीवर होतो. पाणी मीच पाजलं.’

‘लेखकाची स्वतःची आठवण संदर्भ म्हणून धरता येत नाही.’

तीन दिवस काही आलं नाही. मग दोन ओळी आल्या. ‘नियम तो नियम. मीही नियमानेच गाड्या सोडल्या. परिच्छेद आपण काढावा, माझ्या हातून होत नाही.’

मी काढला. लेखाला ‘उत्तम’चा शेरा दिला, अभिनंदन लिहिलं आणि पुढच्या लेखाकडे वळले.

चार महिन्यांनी कोशातल्या माझ्या पानावर त्यांचा निरोप आला. तोच परिच्छेद, खाली प्रश्न, ‘महोदय, हा मजकूर लेखात घेता येईल का?’ जणू आमचं आधी बोलणंच झालं नव्हतं. मी जुन्या चर्चेकडे बोट दाखवून एका ओळीत उत्तर दिलं. आठवड्याने पुन्हा तोच निरोप आला, शब्द न शब्द तोच. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी उत्तरच दिलं नाही.

चौथा निरोप त्यांच्या मुलीने लिहिला होता. ‘बाबांना विसरण्याचा आजार आहे. दोन वर्षं झाली. आठवतंय तोवर सगळं लिहून ठेवायचं म्हणून त्यांनी तो लेख लिहायला घेतला होता. ते रोज तुमच्या उत्तराची वाट बघतात. कृपया रागावू नका.’ खाली फोन नंबर होता.

मी ‘वाचून पाहावा’ लिहिलेलं ते वाक्य उघडून किती वेळ बघत बसले. ते खोडता येत नव्हतं, तिथे लिहिलेलं सगळं राहतं.

दुसऱ्या दिवसापासून मी वाचनालयात जायला लागले. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे काढून घेतले आणि त्या हिवाळ्याचे अंक एकेक करून चाळले. थंडीची लाट होती, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवल्याची बातमी होती, कांद्याचे भाव होते. चार दिवसांत त्या गाडीबद्दल एक ओळ सापडली नाही. मग मी त्यांच्या मुलीला फोन केला आणि सकाळच्या गाडीने नांदगावला गेले.

मुलगी चाळिशीची, शाळेत शिकवणारी. वडिलांसाठी तिने रजा घेतली होती. मास्तर खुर्चीत बसले होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. ‘‘बाबा, तुमचे परीक्षक आलेत,’’ ती म्हणाली. त्यांनी माझ्या पाठीमागे दाराकडे पाहिलं, तिथे कुणी पुरुष दिसेना. मग मला म्हणाले, ‘‘बसा मॅडम. गाडीला अजून वेळ आहे.’’

माफी कशी मागायची ते मी गाडीत मनाशी घोकलं होतं. त्यांच्यासमोर ते सगळं निरर्थक वाटलं. लेखाच्या जुन्या आवृत्तीतून तो परिच्छेद मी छापून नेला होता. ‘‘तुम्ही लिहिलेलं वाचून दाखवू?’’ मी विचारलं. ते मान हलवून पुढे सरकून बसले.

मी वाचलं. कीमनचं नाव आलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तो धावत सुटला तिथे मात्र त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. गाडी थांबली तसा त्यांनी श्वास सोडला. पुढचं बहुतेक त्यांच्या कानात शिरलंच नाही.

‘‘मोठा माणूस,’’ ते म्हणाले. ‘‘पुढं काय झालं हो त्याचं?’’

मुलगी खिडकीकडे बघायला लागली.

‘‘ते गेले,’’ मी म्हटलं. ‘‘तुम्ही जवळ होतात. तुम्ही त्यांना पाणी पाजलंत.’’

‘‘मी?’’ त्यांनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. ‘‘नाही मॅडम. मी असतो तर असा माणूस विसरलो असतो का?’’

मग त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहून विचारलं, ‘‘हे कुठंतरी लिहून ठेवलंय ना नीट?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘ठेवलंय.’’

दारापर्यंत सोडायला आलेल्या मुलीला मी कीमनच्या घरच्यांबद्दल विचारलं. ‘‘बायको माहेरी गेली, काकू. बाबा दोन-तीनदा जाऊन आले होते. मग त्या लोकांनी गाव सोडलं. आता कुठे आहेत, माहीत नाही.’’

दिवाळीनंतर मास्तर गेले. मुलीने दोन ओळींचा निरोप पाठवला. मी चर्चापानावर बाकीच्या संपादकांना विचारून पाहिलं की तो परिच्छेद घेता येईल का. त्यांनी नाही म्हटलं, आणि नियमाने त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या जागी मीही नाहीच म्हटलं असतं. मी वाद घातला नाही. परीक्षणं करणं मात्र सोडलं. आता अधूनमधून ऱ्हस्वदीर्घ तेवढं सुधारते.

लेख आहे तसाच आहे, ‘उत्तम’चा शेरा अजून त्यावर आहे. कीमनचं नाव मला वडिलांच्या नावासकट पाठ झालंय. इथे लिहावं असं फार वाटलं, पण त्याच्या माणसांना विचारल्याशिवाय ते लिहायचा मला अधिकार नाही, आणि ती माणसं मला अजून सापडलेली नाहीत.